समजत नाही तोवर घण नाही

आदरणीय भागवत बिऱ्हाडे, म्हणजे आपणा सर्वांचे नाना, मला पहिल्यांदा दिसले ते जळगावातल्या एका साडीच्या दुकानात, गादीवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेले.

सिव्हिलची पदवी घेऊन मी नुकतीच बाहेर पडले होते आणि त्यांच्याकडे नोकरी मागायला आले होते. इमारतीचा वरचा मजला पाडायचा होता. खाली साड्यांचं दुकान, ऐन लग्नसराई, त्यामुळे दुकान बंद ठेवायला मालक तयार नव्हते. मी हेल्मेट घालून, धूळ चुकवत जिना चढून वर गेले. वर गोणपाट ओले करत उभ्या असलेल्या बाईंनी सांगितलं, "नाना खाले शेतस." मी पुन्हा खाली आले. दुकानात एका नवरीचा बस्ता चालला होता. वर घाव पडला, छताला बांधलेलं प्लास्टिक किंचित थरथरलं. नानांनी डोळे उघडले आणि समोरच्या वयस्क बाईंना विचारलं, "मावशी, दचकलात का?"

"थोडी दचकले बाबा," त्या म्हणाल्या.

नानांनी वर निरोप पाठवला की मोठा घण ठेवून द्या, छिन्नी-हातोडा घ्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर ठोकलेलं खाली कसं लागतं ते वर उभं राहून कळत नाही, म्हणून बसलो होतो. खाली बसूनही सगळं कळलं असं नाही. तुम्हाला काय वाटतं, ताई?"

पाडकामाचे कंत्राटदार म्हटल्यावर मोठ्या आवाजाचे, शिट्टी मारून माणसं पळवणारे गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर होते. हे गृहस्थ तर ओळख-पाळख होण्याआधीच मला माझं मत विचारत होते. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. त्यांनी ते गंभीरपणे ऐकलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर यायला सांगितलं. त्यांनी माझ्यात काय पाहिलं हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही.

या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळाने नानांच्या उत्तम कामांचे काही फोटोही मागवले होते. मी कपाट उघडून बसले आणि भलतीच अडचणीत सापडले. नानांचं उत्तम काम म्हणजे जिथे आता काही नाही, आणि शेजारच्याला काही झालं नाही. त्याचा फोटो काढायचा कसा? बँकेची शाखा खाली चालू असताना वरच्या मजल्यावरची छतं, तारा, नळ, फरशा उतरवल्या. खालच्या रांगेतल्या एकाही माणसाने मान वर केली नाही. धुळ्यात शाळेचे वर्ग भरलेले असताना शेजारची जुनी इमारत गेली. मुलांना ती गेल्याचं सुट्टीत कळलं. सांगायला हे एवढंच. फोटोंऐवजी हा लेख पाठवत आहे. तोही नीट जमला आहे की नाही, याबद्दल मी साशंक आहे.

नाना मूळचे चाळीसगावकडचे. वडील रेल्वेत खलाशी होते. नानांनी लहानपणीच मामांच्या हाताखाली गवंडीकाम शिकून घेतलं, पुढे डिप्लोमा केला, आणि काही वर्षं घरं बांधली. बांधायला शिकलेला माणूस पाडण्याकडे कसा वळला, हे मी त्यांना अनेकदा विचारलं आहे. एकदा ते म्हणाले, बांधणारे पुष्कळ होते, नीट उतरवणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या वेळी म्हणाले, चाळीसगावच्या एका पाडकामात ओळखीचा माणूस जखमी झाला, त्यानंतर चैन पडेना. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता आठवत नाही, ताई." नानांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "काही नाही गं, त्यांना धूळ आवडते." यातलं खरं कोणतं ते वाचकांनीच ठरवावं.

त्यांच्या कामाची पद्धत मात्र पक्की आहे. आधी वीज आणि पाण्याच्या जोडण्या तोडायच्या, मग दारं-खिडक्या आणि आतलं सगळं सामान उतरवायचं, इमारत सोलून काढायची, आणि सगळ्यात शेवटी वरून खाली भिंती घ्यायच्या. धूळ उडण्याआधी पाणी. कामगारांच्या डोक्यावर टोपी नसेल तर नाना स्वतः काम बंद करतात, आणि रागावण्याऐवजी खाली बसून राहतात. ते बसून राहिलेले पाहणं रागावण्यापेक्षा अवघड जातं, हे आम्ही सगळेच जाणतो.

एक काम त्यांनी नाकारलेलं मी पाहिलं आहे. जुन्या चाळीत एकच भाडेकरू उरले होते आणि ते खोली सोडायला तयार नव्हते. मालकांनी नानांना सांगितलं, आधी जिना काढा, म्हणजे त्यांना आपोआप समजेल. नाना म्हणाले, "माणसं आत असताना काम करणं हा माझा धंदा आहे. माणसं बाहेर काढण्यासाठी काम करणं हा नाही." मालक चिडून निघून गेले. गंमत अशी की ते भाडेकरूही नानांवर चिडलेले होते, आणि त्यांनी नंतर ओळखसुद्धा दाखवली नाही. मी नानांना म्हटलं, ज्यांच्यासाठी काम सोडलं ते तरी नीट बोलायला हवे होते. नाना म्हणाले, "त्यांच्यासाठी कुठे सोडलं?"

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायचं कबूल केलं, त्याकडे येते. तो अनेकांनी अनेक तऱ्हांनी ऐकला आहे. मी तिथे होते, म्हणून जसा घडला तसा सांगते.

धुळ्यात एका विश्वस्त संस्थेचं प्रसूतिगृह आहे. त्याची जुनी बाजू पाडायची होती आणि तिला लागूनच असलेल्या नव्या बाजूत बाळंतिणींचा वॉर्ड चालू होता. दोन्हींच्या मध्ये एक भिंत होती. संस्थेला वॉर्ड बंद ठेवणं शक्य नव्हतं, आजूबाजूच्या खेड्यांतून रोज बाया येत होत्या. मशीन लावायला परवानगी नव्हती. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी आणि भेटीच्या वेळी काम बंद ठेवायचं ठरलं होतं. शिवाय नानांनी स्वतःहून एक सोय केली होती. वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलावर एक बटण बसवलं, त्याची घंटा आमच्याकडे वाजायची. घंटा वाजली की हातातली छिन्नी जिथल्या तिथे थांबवायची, कारण नंतर विचारायचं.

जुन्या बाजूचे मजले सुखरूप उतरले होते. त्या दिवशी सकाळी आम्ही मधल्या भिंतीच्या आमच्याकडच्या विटा सुट्या करायला घेतल्या, आणि थोड्याच वेळात घंटा वाजली.

सिस्टर दारात आल्या. वॉर्डाच्या त्या प्रमुख होत्या, कामात कडक. म्हणाल्या, "एक पेशंट रडतेय. भिंत हालते म्हणतेय. मला तर काही दिसत नाही."

बाळंतिणींच्या वॉर्डात नाना शिरले नाहीत. ते दाराबाहेर पाठ करून उभे राहिले आणि मला आत पाठवलं. कोपऱ्यातल्या पलंगावर शिरपूरकडच्या एका खेड्यातली रंजना नावाची मुलगी होती, पहिलटकरीण. बाळ तिच्या सासूच्या मांडीवर होतं. धुळीच्या भीतीने रंजनाने गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली असावी, असं मला वाटलं.

नानांनी बाहेरूनच तिच्या बोलीत विचारलं, "कशी हालस बेटा, भिंत?"

"धडधड करस, नाना," ती म्हणाली. "पलंग बी हालस."

"आते हाली ऱ्हायनी का?"

"आते नही. मघाशी हालनी."

तिच्या पलंगाची लोखंडी कड भिंतीला टेकलेली होती. मी भिंतीला तळहात लावला. नानांनी पलीकडून एका कामगाराला अगदी हलका घाव घालायला सांगितलं. मला आवाज आला, हादरा जाणवला नाही. भिंतीवरच्या बारीक भेगांवर आम्ही आधीच काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवल्या होत्या. भिंत हलली तर काच तडकते. एकही पट्टी तडकली नव्हती. खिडकीत पाण्याने भरलेला पेला ठेवून पाहिला, पाणी स्थिर. नव्या बाजूचे खांब वेगळे होते, मधली भिंत कुठलंच ओझं पेलत नव्हती. मी माझं गणित पुन्हा करून पाहिलं आणि नानांना सांगितलं, "नाना, भिंतीत काही नाही. रंजना घाबरलीय. आवाजाने घाबरतात काही जणी."

सिस्टरही तेच म्हणाल्या.

नानांनी पलीकडच्या कामगाराला छिन्नी खाली ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमचं गणित बरोबर असेल, ताई. माझंही डोकं तेच सांगतंय. पण ती पलंग हालतो म्हणतेय. तो कशाने हालतो ते मला समजत नाही. आणि समजत नाही तोवर घण नाही."

वॉर्ड रिकामा करून मगच भिंतीला हात लावायचा, असं त्यांनी संस्थेला कळवलं. थोड्या वेळात संस्थेचे सेक्रेटरी आले. ते आमच्याशी नेहमी चांगलं वागत आले होते, पण त्या दिवशी त्यांचा संयम सुटला.

"एका बाईच्या म्हणण्यावरून वॉर्ड हलवायचा? तुम्ही आयुष्यभर हेच काम करता ना, नाना?"

"करतो."

"मग तुम्हाला एवढंही ठरवता येत नाही? तुमच्या इंजिनीअर सांगताहेत काही नाही म्हणून."

"त्या सांगताहेत ते मला पटतं," नाना म्हणाले. "तरी मला समजत नाही."

असं वाक्य ऐकून समोरच्या माणसाने काय करावं? सेक्रेटरी माझ्याकडे बघू लागले आणि मी जमिनीकडे. मला नानांचा अभिमान वाटत होता की लाज, हे त्या क्षणी सांगता आलं नसतं. माझं गणित पटतं म्हणतात आणि मानत नाहीत, याचा थोडा रागही आला होता. "भित्रे आहात तुम्ही," असं काहीसं पुटपुटत सेक्रेटरी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे प्रसूतिगृहाच्या मुख्य डॉक्टर. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "भांडत बसण्यापेक्षा खालचा हॉल साफ करा. दुपारपर्यंत हलवू सगळ्यांना."

मग आमची माणसं कामाला लागली. हॉल धुऊन घेतला, चादरींचे आडोसे बांधले, पंखे तपासले. वॉर्डात पुरुष नकोत म्हणून आमच्याकडच्या कामगार बायकांनी हातपाय धुऊन, स्वच्छ लुगडी नेसून पलंग उचलायला घेतले. मीही त्यांच्यात होते. एकेक बाळंतीण खाली गेली. बायका कुरकुरत होत्या, बाळं रडत होती, एक आजीबाई सगळ्या जगाला शिव्या देत होत्या. सगळ्यात शेवटी कोपऱ्यातला पलंग राहिला.

सिस्टर डोक्याशी होत्या, मी पायथ्याशी, दोन्ही बाजूंना आमच्या कामगार बायका. पलंग भिंतीपासून बाजूला ओढून आम्ही उचलला. दोन पावलं गेलो असू, आणि तो माझ्या हातात थरथरू लागला.

मला वाटलं माझेच हात थकले. मी सिस्टरकडे बघितलं. त्या रंजनाकडे बघत होत्या. त्यांनी पलंग खाली ठेवायला सांगितला, गोधडी बाजूला केली आणि तिच्या कपाळाला हात लावला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढी तापलीय ही!"

रंजनाचे दात एकमेकांवर वाजत होते. थंडी भरून आली होती. थंडीची लाट आली की ती गदगदा हलायची, पलंग हलायचा, पलंगाची कड भिंतीवर वाजायची. लाट ओसरली की सगळं शांत. सकाळच्या फेरीत तिला ताप नव्हता. ती स्वतःही तापाबद्दल काही बोलली नव्हती, कारण तिच्या मते हलत होती ती भिंत. आणि आम्ही सगळे शहाणे सकाळपासून भिंतीकडेच बघत होतो.

मॅडम धावत आल्या. बाळंतपणानंतर पोटात जंतुसंसर्ग झाला होता. सलाईन लागलं, औषधं सुरू झाली. ते दोन-तीन दिवस अवघड गेले. तिचे यजमान हॉलच्या पायरीवर बसून असायचे, आणि नाना कामाच्या मधल्या वेळात त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे. मग ताप उतरला, रंजनाने बाळाला जवळ घेतलं, तिच्या सासूने नानांच्या हातावर गूळ ठेवला. मॅडम मला एकदा म्हणाल्या, "वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं."

दरम्यान आम्ही ती भिंत उतरवली. रिकाम्या वॉर्डाला लागून, एकेक वीट सुटी करून, पूर्ण काळजी घेऊन. भिंतीत काहीही निघालं नाही. दडलेली तुळई नाही, पोकळी नाही, काही नाही. माझं गणित तंतोतंत बरोबर होतं. शेवटची वीट खाली आली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी ती वीट उचलून ढिगावर ठेवली.

इथून पुढचं मला नीट मांडता येत नाही. सेक्रेटरींनी संस्थेच्या सभेत नानांचा सत्कार ठेवला. भाषणात ते म्हणाले की नानांना दिव्य दृष्टी आहे, भिंतीआडचं दुखणं त्यांना दिसलं. टाळ्या वाजल्या. नाना उठले, माईकसमोर गेले आणि म्हणाले, "भिंत हालत नव्हती. मी चुकलो होतो. ताप सिस्टरांना कळला, त्यांनी हात लावला म्हणून. सत्कार त्यांचा करा." आणि गळ्यातला हार त्यांनी सिस्टरांच्या हातात दिला. सिस्टर गोंधळल्या, कारण त्यांना वाटत होतं की वॉर्ड हलवला नसता तर आपण हात लावलाच नसता. सेक्रेटरी गोंधळले. रंजनाचे यजमान मागच्या रांगेत उभे होते, ते मला येऊन विचारू लागले, "ताई, मंग आम्ही हात कोन्ले जोडाना?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही, भाऊ." त्यांनी सर्वांनाच हात जोडले आणि बायको-लेकराला घेऊन गाडीत बसले.

मी पुष्कळ दिवस या गोष्टीवर विचार केला. चुकीच्या कारणासाठी केलेली गोष्ट बरोबर ठरली तर तिला काय म्हणावं? त्याला शहाणपण म्हटलं तर नाना स्वतः नाकारतात. योगायोग म्हणावं, तर त्या सकाळी दुसरा कोणीही कंत्राटदार असता तर काम चालू राहिलं असतं आणि योगायोगाला जागाच मिळाली नसती. आणि मी असते तर? मी तर काम चालू ठेवलं असतं, आणि भिंतीला खरंच काही झालं नसतं.

गेल्या महिन्यात नानांच्या घरी गेले होते. हा लेख लिहिते आहे हे सांगितल्यावर ते अस्वस्थ झाले. म्हणाले, "धुळ्याचं लिहिणार असाल तर मी चुकलो असं स्पष्ट लिहा."

मी विचारलं, "नाना, आता तर कळलंय की भिंतीत काही नव्हतं. पुन्हा तशीच वेळ आली, सगळी गणितं बरोबर असली, तर थांबाल?"

"थांबेन."

"का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच विचित्र होता. म्हणाले, "ती सांगत होती ना."

नानांच्या वैयक्तिक जिव्हाळ्याबद्दल एकच सांगते. माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण काही ना काही समजावून जात होता. नाना सकाळीच आले, माझ्या आईसमोर बसले आणि म्हणाले, "अक्का, काय बोलावं ते मला सुचत नाही." एवढं बोलून ते उठले, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चहाचे कप बाहेर नेऊन देऊ लागले, आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी, चहा देत राहिले. इतका मोठा माणूस चहा वाटतोय म्हणून माझे काका संकोचले होते. आई मात्र त्या दिवसातली दुसरी कुठलीच गोष्ट पुढे बोलली नाही. त्यांचं तेवढं एकच वाक्य तिच्या लक्षात राहिलं.

नानांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. जळगाव-धुळ्यात, मुक्ताईनगरपासून शिरपूरपर्यंत, त्यांच्या हाताखाली तयार झालेली कितीतरी माणसं आज स्वतंत्रपणे काम करत आहेत. कोणाच्या साइटवर वॉर्डातली घंटा आहे, कोणाच्या साइटवर खालच्या दुकानात बसवलेलं एखादं माणूस आहे. नाना अजून सकाळी साइटवर येतात. डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली आहे. ते शिडीला हात लावून उभे राहतात आणि आमचं लक्ष नाही असं पाहून दोन पायऱ्या चढतात. आमचं लक्ष असतं. आमच्यातला एकजण शिडी धरून ठेवतो.

आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नाकात धूळ जाऊ नये म्हणून पाणी मारलं, आणि स्वतः मात्र त्या धुळीतच उभे राहिले. हिवाळ्यात त्यांचा खोकला आता लवकर थांबत नाही, काकू त्याची तक्रार आमच्याकडे करतात. म्हणून मोठमोठे शब्द न वापरता, त्यांच्या सर्व सहकाऱ्यांच्या आणि शिष्यांच्या वतीने एवढंच मागते की नानांची छाती स्वच्छ राहो, झोप शांत लागो, आणि पुढची पुष्कळ वर्षं सकाळी उठल्याबरोबर पहिला श्वास त्यांना भरभरून, विनासायास घेता येवो.